सांग्यूचा साधा फोटो

"हा फोटो नको," मिऑकने पुन्हा सांगितलं.

चाहता मंडळाचे अध्यक्ष च्वू भलीमोठी चौकट छातीशी धरून उभे होते. चौकटीत तिचा भाऊ होता. डोळे तिरळे, जीभ बाहेर, गालात अख्खं उकडलेलं अंडं. टीव्हीवर हे तोंड करून करूनच त्याचं नाव मांडू, म्हणजे सारण भरलेला फुगीर उंडा, असं पडलं होतं. सांग्यू अशी हाक मारणारी आता ती एकटीच उरली होती.

"ताई, लोक पार बुसानहून येताहेत," च्वू म्हणाले. "फूल वाहताना त्यांना त्यांचा मांडू दिसायला नको?"

"मांडू तुमचा होता. गेलाय तो माझा भाऊ."

"तुम्ही निवडलेला फोटो बघून लोक म्हणतील, चुकीच्या खोलीत आलो."

"मग जातील परत."

च्वूंनी हात टेकले. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या शोकगृहात दुसऱ्या मयतांचेही लोक ताटकळले होते आणि चौकटीला लावायची काळी फीत घेऊन उभा असलेला तिथला माणूस चुळबुळ करत होता. मिऑकने आपला फोटो त्याच्या हाती दिला. त्याने फीत लावली आणि पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध ठेवला.

तिच्या घरच्या स्वयंपाकघरातला फोटो होता तो. वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप पुढ्यात निवत चाललेलं, आणि सांग्यू कोऱ्या चेहऱ्याने समोर बघत बसलेला. एरवी कॅमेरा दिसला की त्याचं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, लहानपणापासून. त्या दिवशी तिने फोन उचललेला त्याला कळलाही नव्हता. त्या चेहऱ्याने तो तिच्याकडे तासन्‌तास बसायचा. ती म्हणायची, "अरे, जेव." तो म्हणायचा, "जेवतो, ताई." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मंगळवारी त्याने स्वतःला संपवलं.

तिला एवढंच हवं होतं, की या एका खोलीत तरी त्याला कोणी हसू नये.

लोक येऊ लागले. फूल ठेवायचे, फोटोपुढे दोनदा माथा टेकायचे, मग तिच्याकडे वळून एकदा. केसांत सुतकाची पांढरी फीत खोवून तीही प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. कोणी गोंधळून फोटोकडे बघायचं, दारावरचं नाव पुन्हा वाचून यायचं, आणि मग रडायचं. रडू दे. हे रडणं तरी सांग्यूच्या वाट्याचं होतं.

शेजारच्या खोलीत पानं मांडली होती. गोमांसाचा तिखट रस्सा ओरपता ओरपता मंडळी बोलत होती, आणि मधे नुसता सरकता पडदा होता.

"काय कमी होतं हो त्याला?"

"गेल्याच आठवड्यात टीव्हीवर होता. तोंडात अख्खा मुळा घालून."

"माझ्या आईच्या आजारपणात तिला फक्त तो हसवायचा. औषध पोटात राहायचं नाही, पण याला बघून हसायची बघा."

हे सांगणाऱ्याचा आवाज फुटला, आणि पडद्याअलीकडे मिऑकने वाकता वाकता ते ऐकलं. यांच्यावर रागवायचं तरी कसं?

दुपारी इंचनच्या मासळीबाजारातल्या बायका आल्या. सगळ्या काळ्या कपड्यांत, नाकं लाल. पुढची थोराड बाई, ग्वाक तिचं नाव, फूल ठेवायला वाकली. तिने मान वर केली, फोटो पाहिला, आणि तिच्या तोंडून हसू फुटलं.

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खांदे गदगदत होते. मागच्या बायकांनी फोटोकडे पाहिलं मात्र, त्याही खाली माना घालून तशाच गदगदू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसू काही आवरत नव्हतं.

"काय आहे हसण्यासारखं?" मिऑक म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

ग्वाकबाई गुडघ्यांवर बसल्या. "माफ करा, ताई. जीभ झडो माझी. पण हे त्याचं शेवटचं तोंड. आम्ही दर महिन्याला त्याच्या थिएटरात जायचो ना."

मिऑक कधीच गेली नव्हती. तू समोर बसलीस तर मला जमायचं नाही, असं सांगून त्यानेच तिला कायम लांब ठेवलं होतं.

"कसलं शेवटचं तोंड?"

"टीव्हीवर नाही करायचा तो हे. सगळ्या नकला संपल्या की खुर्ची ओढायचा आणि असा बसायचा. बोलणं नाही, हलणं नाही, नुसता आमच्याकडे बघत. आमची हसून हसून पोटं दुखायची. एक बाई तर ओरडायची, अरे पुरे, मारतोस का आता! आणि हा आपला बघतोच आहे. अलीकडे तर फारच वेळ बसायचा. जितका जास्त बसायचा तितकं आम्हाला जास्त हसू यायचं."

"आणि मग?"

"मग काय," ग्वाकबाई हलकेच म्हणाल्या. "कोणीतरी दिवे घालवायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो."

मिऑक उठली. शेवंतीतून तिने चौकट उचलली आणि भावाचा चेहरा आतल्या बाजूला करून छातीशी घट्ट धरली. हातात फुलं घेतलेली रांग त्या रिकाम्या जागेकडे नुसती बघत राहिली.