इंदुमतीची नवी चाल

इंदुमती पायऱ्या चढून ओटीवर आली, तसे वामनराव लगबगीनं लुंगी सावरून बसले. "बसा ना. आमची इंदू दवाखान्यात गेलीय, येईलच एवढ्यात."

ती जागीच थबकली. दृष्टी गेल्यापासून ते तिला डाव्या पायाच्या फरफटीवरूनच ओळखत. आज डॉक्टरांनी तिच्या तळव्यांना त्वचेसारखा पातळ पडदा चिकटवला होता. पोटरीचा स्नायू किती ओढतोय हे जाणून तो दर पावलाला तळव्याखाली हवी तशी कमान धरून आधार देत होता. फरफट गेली, गुडघ्याची कळही गेली.

"अहो, मीच." ती मटकन बसून पडदा सोलू लागली. "नको मला हे. आपल्याच घरात पाहुणी झाले."

वामनरावांनी चाचपडत तिचा हात धरला. "राहू दे गं. रात्रभर कण्हायचीस, तेही मीच ऐकायचो ना? चाल बघू, देवघरापर्यंत जा नि ये."

ती चालली. ते खुर्चीच्या हातावर बोटानं ताल धरू लागले, चुकले, स्वतःशीच हसले.

"पुन्हा चाल, इंदू. नवी नवरी आलीय घरात, ओळख व्हायला वेळ लागणारच."

आणि सत्तरीतली इंदुमती पदर सावरत, लाजत पुन्हा निघाली.