अजगराचा ताप

फिनिक्सच्या वाळवंटी शहरात भर दुपारी घरातला एसी बंद पडला. आमच्या पाळीव अजगराच्या काचपेटीत बर्फाची बाटली ठेवण्याआधी मी फॅरनहाइटमध्ये ताप मोजायची बंदूक पेटीच्या तळावर रोखली. शहाऐंशी. मग अजगरावर धरली.

अठ्ठ्याण्णव.

सापाला स्वतःची ऊब नसते. जिथे पडेल तिथलाच आकडा त्याचा.

“डेल्मा, ही बंदूक बिघडली बघ.”

“बंदूक नाही, तुझं डोकं बिघडलंय, क्लाइड. माझ्यावर धरून बघ,” सोफ्यावरून बायको म्हणाली.

मी तिच्या कपाळावर धरली. शहाऐंशी. तिच्या मागच्या उशीचाही तोच आकडा आला.

मी तिला तो सांगितला. डेल्मा सोफ्यावरून सरपटत खाली उतरली आणि पोटावर पडून तिने गाल गार फरशीला टेकवला.

“आता स्वतःवर मात्र धरू नकोस,” ती म्हणाली.