दुधाळ बाटली

कपाटातून बाटली काढून तिने उजेडात धरली. आतली दारू पांढुरकी, दुधाळ झाली होती.

बाहेर जेवण उरकून सर खुर्चीत रेलले होते. तिचा नवरा दातांची डॉक्टरकी त्यांच्याच हाताखाली शिकला होता. तिने आधी संत्र्याची गोड दारू पुढे केली, तर ती खोकल्याच्या औषधासारखी लागते म्हणून त्यांनी नाक मुरडलं. त्यांना गेल्या खेपेला त्यांनीच आणलेली साम्बुका हवी होती. बडीशेपेच्या वासाची, इटालियन. छोट्या ग्लासात, वर कॉफीच्या तीन बिया. नवऱ्याने नेहमीप्रमाणे नुसती कॉफी मागितली. तो दारूला शिवत नसे.

गेल्या खेपेला ही साम्बुका काचेसारखी नितळ होती. सरांनी ग्लासात बर्फाचा खडा टाकून तिला गंमत दाखवली होती: पाणी मिसळलं की ती पांढरी होते. थंडीनेही होत असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण कपाट ओव्हनच्या भिंतीला लागून होतं, बाटली हाताला कोमट लागत होती. आणि गेल्या खेपेइतकीच, गळ्यापर्यंत भरलेली होती. कोणीतरी प्यायलं होतं आणि तेवढंच पाणी ओतून ठेवलं होतं.

घरात असं करणारा एकच माणूस होता. तिचा दादा या हिवाळ्यातच व्यसनमुक्ती केंद्रातून त्यांच्याकडे राहायला आला होता. आत्ता तो तिच्या लेकीला पोहण्याच्या स्पर्धेला सोडायला निघाला होता, हमरस्त्याने. लेक खाली गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

बाटली घेऊनच ती धावली. दादा दारात बूट घालत होता. तिने गाडीची किल्ली त्याच्या हातातून हिसकावून घेतली. मग बाटली त्याच्यापुढे धरली.

दादाने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो चिडेल असं तिला वाटलं. त्याने फक्त पुढे वाकून तिच्या तोंडावर श्वास सोडला. जेवणातल्या लसणाचा वास आला, दुसरा कसलाच नाही.

"मी बाटली संपवायचो, चिमणे," तो हळूच म्हणाला. "पाणी घालून परत जागेवर ठेवायला घरात मान असावा लागतो. माझा कुठे होता?"

तो पुन्हा लेस बांधायला लागला. बोटं थरथरत होती, गाठ बसेना.

तेवढ्यात नवरा बाहेर आला. सर ग्लासाकडे डोळे लावून बसलेत, असं हसत हसत म्हणाला. मग त्याला बाटली दिसली. हसू जरासं अडखळलं, पुन्हा सुरू झालं. दादाला त्याने सरांजवळ बसायला सांगितलं आणि तिच्यापुढे तळवा पसरला.

"आण ती किल्ली. मीच सोडतो तिला."

खालून लेकीने हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक.

डॉक्टरांचा हात कधी हलत नाही, असं नवऱ्याचे पेशंट कौतुकाने सांगायचे. आत्ताही तो हलत नव्हता. तिने किल्लीवरची मूठ आणखी घट्ट आवळली.