फिरणारा पडदा

आईने पडद्यावर एकदाच बोट टेकवले आणि मागे घेतले.

"हाही नको?" सुगतने विचारले.

त्याच्या आईने, कलावतीबाईंनी, डाव्या हाताने लॅपटॉप बाजूला सारला.

"दादा, तिला बोलायचंय. तुझ्या लिनक्सची परीक्षा द्यायची न्हाय," दीक्षा दारातून म्हणाली.

सुगतने बहिणीकडे पाहिले नाही. पक्षाघाताने आईची जीभ अडली, उजवा हात निजला. बुद्धी आणि नजर मात्र शाबूत आहेत, असे डॉक्टर म्हणाले होते. दोन महिने ती काहीतरी सांगू पाहत होती. घरातली प्रत्येक वस्तू दाखवून झाली, प्रत्येक नाव घेऊन झाले. ती मान हलवून नकार देई. तेव्हा त्याने उलटा दुमडला की पाटीसारखा होणारा हा टचस्क्रीन लॅपटॉप आणला. आईचे शब्द आईच्याच बोटातून येतील. याबाबतीत त्याची माघार नव्हती.

लिनक्स या संगणकप्रणालीत पडद्याचा चेहरामोहरा आपण निवडायचा असतो. त्यातला एक्सएफसीई चपळ, पण त्याची बटणे माउससाठी घडलेली, बोटाला निसटती. ग्नोम प्रशस्त होता; आईने कसाही धरला, तरी पडदा गर्रकन फिरून अक्षरे सरळ करी.

"त्या फिरण्यानंच ती बावरते," सुगत म्हणाला.

"की अक्षरं बारीक पडतात?"

"तिला? पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने धम्माचा ग्रंथ कोण वाचायचं? तेही चष्म्याशिवाय!"

आयुष्यभर कापडाच्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईने वडील गेल्यावर तो ग्रंथ मांडीवर घेतला होता. वाचन त्यांच्याच चालीत, श्वासही त्यांच्याच जागी. वीज जाऊन भिंतीपलीकडचे लूम एकदम मुके झाले, तरी काळोखात तिची ओळ तुटत नसे. त्या आवाजाच्या उजेडात दोघे भावंडे वाढली होती.

उरला तिसरा चेहरा, प्लाझ्मा. दुपारभर सुगत त्याच्याशी झुंजला. अक्षरे बोरांएवढी केली, तळाशी देवनागरी कीबोर्ड बसवला आणि पडद्याचे फिरणे कायमचे बंद केले.

"आता बोलेल," तो म्हणाला.

"बोलली, तर पहिलं तुलाच झापेल," दीक्षा हसली. पण तीही जवळ येऊन बसली.

आईसमोर बसून सुगतने टाइप केले : आई, तुला काय सांगायचं आहे? लॅपटॉप तसाच तिच्या मांडीवर ठेवला. तो तिच्याकडे वळवायचा राहिला, हे ध्यानात येऊन त्याने हात पुढे केला.

पण कलावतीबाईंनी तो उचलून, ग्रंथ धरावा तसा, गुडघ्यांना टेकवलाही होता. या वेळी पडदा फिरला नाही. खाली डोके, वर पाय अशा त्या अक्षरांवरून त्यांचे बोट, वर्षावासातल्या त्याच संथ लयीत, प्रश्नचिन्हाकडून ‘आई’कडे सरकत चालले होते. ग्रंथ तिने वाचला नव्हता, वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ केला होता, हे सुगतला आत्ता कळले.