शेगडीची झडप

टास्मानियात थंडी सुरू व्हायच्या आधी मी घराघरांतली धुरांडी साफ करतो. ऊना ट्रिफिटच्या धुरांड्यातून बादलीभर काळं डांबर खरवडून काढलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"आजी, लाकूड चांगलं सुकं वापरता, मग रात्री शेगडीची झडप कशाला बंद करता? हवा मिळाली नाही की लाकूड नुसतं धुमसतं आणि हे डांबर चिकटतं. एक दिवस पेटेल ते, छपरासकट जाल."

"मी उघडीच ठेवून झोपते रे. बंद करायची खोड क्लॅरीची. विस्तव सकाळपर्यंत टिकावा, मला गार घरात उठायला लागू नये म्हणून मध्येच उठून लावायचा. जन्मभर भांडले त्याच्याशी त्यावरून."

क्लॅरीला, तिच्या नवऱ्याला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. मीच खांदा दिला होता.

"आणि सकाळी उठता तेव्हा कशी असते झडप?"

"बंद."

"मग आताही झापा की त्याला," मी कसंबसं हसत म्हणालो.

 

तिनं त्याच्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नको बाबा. रुसला तर यायचा थांबेल."