पुढचं स्वयंपाकघर

कंत्राटदार दिघ्यांनी बंगल्याचा नकाशा उलगडला. "वहिनी, दादरच्या या नव्या वसाहतीत सगळ्यांचा दिवाणखाना पुढे बागेकडे, स्वयंपाकघर मागे. तुमचंच उलटं केलं तर लोक हसतील."

"हसू देत," आई म्हणाली. "दिवाणखान्यात हे बसणार संध्याकाळी तासभर. चुलीपाशी मी दिवसभर. बाग मला दिसायला हवी."

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "तिच्या मनासारखं करा."

वास्तुशांतीला लोक खरंच हसले, शेजारच्या अंबूताई सगळ्यात जास्त. पण महिन्याभरात त्याच अंबूताई रोज दुपारी भाजी निवडायला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बसू लागल्या.

पुढच्या वर्षी अंबूताईंच्या दिरांनी पलीकडचा प्लॉट घेतला. दिघे नकाशा घेऊन गेले, आणि तो उलगडण्याआधीच म्हणाले, "घरातल्या बाईंना बोलवा."