दहापैकी दहा

यंत्र दहाव्यांदा ओरडलं आणि केदारचा जीव भांड्यात पडला. नकाशावर दहा फुल्या होत्या. दहाही फुल्यांवर यंत्राने बरोबर बोंब ठोकली होती.

सुपेल्यातल्या वर्कशॉपमागच्या या कोरड्या प्लॉटमध्ये महिन्यापूर्वी केदारनेच दहा नकली सुरुंग पुरले होते. सुरुंग म्हणजे रेती भरलेले, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे. खरे सुरुंगही कधी प्लास्टिकचे असतात आणि लोखंड शोधणारी यंत्रं त्यांच्यापुढे हात टेकतात. केदारचं यंत्र मातीत लहरी सोडून शोधायचं. अशा यंत्रांची एक जुनी खोड असते: कोरड्या मातीत ओल लागली की तिलाच सुरुंग समजायचं. ती खोड आपण मोडली, असं केदारने अहवालात ठासून लिहिलं होतं. तीन वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं, लग्नसुद्धा.

तपासणीला आलेले, सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे पंजाबराव साहेब खुर्चीत टेकले. "पुढच्या हप्त्यात हे बस्तरले जाईल, केदार. याच्या मागं माझे पोट्टे चालतीन. चालू देऊ ना?"

"बिनधास्त, साहेब."

साहेबांनी पेन काढलं. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात वर्कशॉपची झाडलोट आणि चहापाणी सांभाळणाऱ्या सिंधुताई चिवडा घेऊन आल्या. साहेबांनी डबाच मांडीवर घेतला. केदारची नजर झाकणावर गेली. चारचा पुसट आकडा. अक्षर त्याचंच.

"सिंधुताई, हा डबा कुठला?" त्याने हळूच विचारलं.

"इथलाच न, भाऊ. चांगले दहा डबे मातीत सडून राहिले होते. परवा काढले, घासले. आत नुसती रेतीच होती." त्याचा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, "खड्डे बुजवले मी! पानी टाकून टाकून चोपले, वरून सुकी माती पसरवली. कोनाले दिसनार बी नाही."

केदारने प्लॉटकडे पाहिलं. वर सगळीकडे सारखीच कोरडी माती. आत दहा ओले खड्डे. सिंधुताईंवर रागवावं की त्यांचे पाय धरावेत, त्याला कळेना. आपण गप्प बसलो तर कुणालाच काही कळणार नाही, एवढं मात्र फार चांगलं कळत होतं. त्याची त्याला भीती वाटली.

पेनाचं टोक कागदाला लागलं.

"सही करू नका, साहेब," केदार म्हणाला. "चार नंबरचा सुरुंग तुमच्या मांडीवर आहे."